३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप बंद पडतो? नवी बॅटरी मागवण्याआधी हे बघा

मी दुरुस्तीवाली नाही. ऑफिसात आणि नातेवाइकांत "जरा बघतेस का, काय झालंय" म्हणून लॅपटॉप जिच्यापुढे आणून ठेवतात, ती मी. त्यात सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच: चार्जिंग टिकत नाही. सोबत निदानही तयार असतं, "बॅटरी गेली." खरंच गेलेल्या बॅटऱ्या मी पाहिल्यात, पण दोष भलतीकडेच निघाला असंही कमी वेळा झालेलं नाही. कधी चार्जर, कधी एखादं सेटिंग, कधी टक्के मोजणारी चिपच चुकलेली. म्हणून मी आता ठरावीक क्रमाने बघते. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, स्क्रू काढावे लागतात ते सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमचा लॅपटॉप यांपैकी काय करतोय ते आधी ठरवा. एकाहून जास्तही असू शकतात.

- पूर्वी चार-पाच तास चालायचा, आता तासाभरात मान टाकतो.
- ३०-४० टक्के दिसत असताना पटकन बंद होतो. चार्जर लावून सुरू केला की पुन्हा तेवढेच टक्के दाखवतो.
- चार्जर लावलेला असतो, पण "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असं येतं किंवा आकडा ८० च्या पुढे सरकत नाही.
- चार्जर लावूनही टक्के हळूहळू उतरतच राहतात.
- रात्री ९० टक्क्यांवर झाकण मिटून ठेवला, सकाळी बॅगेत गरम लागतो आणि बॅटरी पार उतरलेली.
- टचपॅड नीट दाबला जात नाही, झाकण एका बाजूला उघडं राहतं, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काहीही करू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि थेट "इथे थांबा" या भागावर जा. ती बॅटरी बहुधा फुगलेली आहे.

आधी हात आणि डोळे

फुगणं सुरुवातीला दिसत नाही, हाताला लागतं. लॅपटॉप बंद करून झाकण मिटून काचेच्या किंवा सपाट लाकडी टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून बोटाने हलके दाबा. एखादा कोपरा खाली-वर झाला तर रबराचा पाय निघालाय का ते पाहा. पाय जागच्या जागी असतील तर शंका बॅटरीवर घ्या. मग टचपॅडच्या वरच्या आणि खालच्या बाजूला क्लिक करून बघा. बॅटरी बहुतेक वेळा त्याच्याच खाली किंवा शेजारी असते, त्यामुळे फुगली की आधी टचपॅडचा क्लिक कडक होतो. "टचपॅड खराब झालाय" म्हणून आलेल्या एका लॅपटॉपचं तळाचं झाकण काढलं, तर आतली चपटी काळी पाकिटं उशीसारखी टम्म झालेली होती. टचपॅडला काहीच झालेलं नव्हतं.

चार्जर, वायर, पिन

दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा, एक्स्टेन्शन बोर्ड टाळून. हास्यास्पद वाटेल, पण मी हे कधीच सोडत नाही.

मग अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. लॅपटॉपसोबत ६५ वॉटचा आला असेल आणि तुम्ही टाइप-सी पिन बसते म्हणून फोनचा २० वॉटचा लावलात, तर चार्जिंगचं चिन्ह कदाचित दिसेल, पण काम करताना लॅपटॉप त्याहून जास्त खातो आणि फरक बॅटरीतून भरून काढतो. चार्जर लावूनही टक्के उतरतात त्याचं सर्वांत साधं कारण हेच. वायरही सारख्या नसतात. साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॉटपर्यंत. १०० वॉटसाठी ५ अँपिअरची वेगळी वायर लागते. दिसायला दोन्ही सारख्याच.

गोल पिनवाल्या चार्जरची गंमत निराळी आहे. काही कंपन्यांच्या पिनेच्या आत मधोमध सुईसारखी एक बारीक काडी असते. ती वीज नेत नाही, अडॅप्टरची ओळख सांगते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉपला समोर कोण आहे ते कळत नाही. मग तो विजेवर चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि स्वतःचा वेगही कमी करून घेतो. ऑफिसातल्या एकाचा लॅपटॉप "स्लो झालाय आणि चार्ज होत नाही" म्हणून दोनदा फॉरमॅट करून झाला होता. मी मोबाईलचा टॉर्च लावून पिनेत पाहिलं, काडी आडवी पडली होती. अडॅप्टर बदलला आणि दोन्ही तक्रारी मिटल्या.

टाइप-सी असेल तर पोर्टमध्ये कापसासारखा कचरा दाबून बसलेला असतो. लॅपटॉप बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. टाचणी, सुई असलं काही आत घालू नका. आतले संपर्क एकमेकांना टेकले तर नवंच दुखणं.

८० वर अडला असेल तर तो दोष नाही

चार्जिंग बरोबर ८० वर (काही मॉडेलमध्ये ६० वर) थांबत असेल तर कुणीतरी मर्यादा लावलेली आहे. लेनोवोत तिला "कॉन्झर्वेशन मोड" म्हणतात, एसुसच्या ॲपमध्ये "बॅटरी हेल्थ चार्जिंग", मॅकवर "ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग". काही लॅपटॉपांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दडलेली असते. ही मर्यादा काढून टाकायला लोक माझ्याकडे येतात आणि मी बहुतेकांना ती तशीच ठेवायला सांगते. कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकत नाही, म्हणून कारण.

लिथियम-आयन सेल, म्हणजे बॅटरीतला एक सुटा घटक, पूर्ण भरला की त्याचा विजेचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, नव्या प्रकारांत ४.३५ ते ४.४. सेलच्या आतलं द्रव या दाबाला सुखाने राहत नाही. इलेक्ट्रोडशी त्याची सावकाश रासायनिक झटापट चालू राहते. त्यातल्या ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर पहिल्याच चार्जिंगपासून एक पातळ थर धरतो, तो जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. हे सगळं उष्णतेने भरभर होतं. थोडक्यात, बॅटरी पूर्ण भरलेली आणि वर गरम, ही तिची सर्वांत वाईट अवस्था. आणि टेबलावर कायम चार्जरला लावलेला लॅपटॉप दिवसभर नेमका त्याच अवस्थेत असतो.

चार्जर लावून ठेवणं मुळात वाईट नाही. १०० टक्क्यांवर लावून ठेवणं वाईट.

रीस्टार्ट आणि बटण दाबून धरणं

यात फार वेळ घालवू नका, पण करा. विंडोजमध्ये "शटडाउन" केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज स्वतःची काही स्थिती जपून ठेवतं) सगळं पुसलं जात नाही, "रीस्टार्ट"ने जातं. त्याने फरक पडला नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. चार्जिंगचा कारभार बघणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते, ती कधीकधी अडकून बसते. यामुळे ती नव्याने सुरू होते. त्यानंतरही "नॉट चार्जिंग" येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज या गटातली मायक्रोसॉफ्ट एसीपीआय नावाची नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज ती आपोआप परत टाकतं.

झाकण मिटलं म्हणजे झोपला असं नाही

बॅगेत गरम होणारा लॅपटॉप हा हल्लीच्या मशिनांचा खास रोग. जुन्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे फक्त मेमरी जागी, बाकी सगळं थंड. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत स्लीप फोनसारखी असते. स्क्रीन काळी, पण मेल, अपडेट, वाय-फाय आत चालूच. एखादं ॲप किंवा ड्रायव्हर झोपूच देत नसेल तर बंद बॅगेत लॅपटॉप तासन्‌तास तापत राहतो. बॅटरी उतरते हे एक नुकसान; त्या उष्णतेने ती कायमची झिजते हे दुसरं, आणि मोठं.

उपाय फुकटचा आहे. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं. तिथे स्लीपऐवजी हायबरनेट करा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, पण मधल्या काळात तो जवळपास बंदच असेल. "बॅटरी रात्रीत संपते" म्हणणाऱ्यांना मी आधी हे बदलून दोन दिवस थांबायला सांगते.

दिवसा बॅटरी कोण खातंय तेही बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग पॉवर अँड बॅटरी, तिथे ॲपनुसार वापर दिसतो. बहुतेकदा पहिला नंबर ब्राउझरचा असतो, त्याखालोखाल व्हिडिओ कॉलचं ॲप. स्क्रीनचा उजेड कायम पूर्ण ठेवणाऱ्यांनी तो अर्ध्यावर आणून बघावा, मग बोलावं.

आता आकडा काढा

इथवर काही सापडलं नसेल तर अंदाज पुरे. लॅपटॉपलाच विचारा.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत "पॉवर" लिहून त्याला लागून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक मोकळी जागा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, आणि तिला लागून "बॅटरीरिपोर्ट" एका शब्दात. एंटर दाबलं की अहवालाची फाइल कुठे ठेवली तो पत्ता तिथेच दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडते. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून ॲपल मेन्यू उघडा, सिस्टम इन्फर्मेशन आणि त्यात पॉवर. लिनक्स वापरणाऱ्यांनी हे केव्हाच बघितलेलं असतं.

अहवालात दोन ओळी शोधा, "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी". पहिली म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावावं अशी अपेक्षा होती, दुसरी म्हणजे आज किती मावतं. समजा पहिली ५०,००० मिलिवॉट-तास आणि दुसरी ३१,०००, तर तुमच्याकडे ६२ टक्के बॅटरी उरली आहे. स्क्रीनवर १०० टक्के दिसतात ते या उरलेल्या ६२ चे. पूर्वी पाच तास चालणारा लॅपटॉप आता तीन तास चालत असेल, तर यात बिघाड काहीच नाही.

माझा ढोबळ हिशोब असा. ८० च्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, मागच्या तपासण्या पुन्हा करा. ६० ते ८० म्हणजे वय झालंय, पण काम भागत असेल तर चालू द्या. ५० च्या खाली गेली की बदलायची तयारी करा. मधल्या ५० ते ६० मध्ये तुम्हाला चार्जरपासून लांब किती काम करावं लागतं त्यावर ठरवा.

"सायकल काउंट" ही ओळही असते, काही लॅपटॉपांत ती रिकामी दिसते. १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ५० आणि उद्या ५० वापरली तरी मिळून एकच. ॲपल आताच्या मॅकबुकसाठी १,००० सायकलचा आकडा देते, बऱ्याच इतर बॅटऱ्या ३०० ते ५०० च्या हिशोबाने बनतात. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. माझा स्वतःचा एक लॅपटॉप तीन वर्षं टेबलावर मोठ्या मॉनिटरला जोडलेला होता, चार्जर कायम लावलेला, कुठलीही मर्यादा न लावता. सायकल अवघ्या ४३. मी मनात खूश, बॅटरी जपली म्हणून. अहवाल काढला तर क्षमता ६४ टक्के! त्याच वयाचा, रोज फिरतीवर जाणारा एका सहकाऱ्याचा लॅपटॉप ४०० च्या आसपास सायकल होऊनही ८० च्या घरात होता. वापरून झिजली नसती एवढी माझी बॅटरी भरून ठेवल्याने झिजली.

अहवालात खाली क्षमतेचा इतिहासही असतो. आकडा महिनोन्‌महिने हळूहळू उतरलेला दिसला तर ते वय. एका आठवड्यात धपकन खाली आला असेल तर मोजमापाचा घोळ असू शकतो, आणि त्यासाठी पुढची तपासणी आहे.

३० टक्क्यांवर बंद होतो: आकडा खोटा की सेल कमजोर?

टक्के थेट मोजता येत नाहीत. बॅटरीतली चिप आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी ठेवते. बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही आणि कधीच पूर्ण रिकामी झाली नाही तर या हिशोबातली चूक साचत जाते, आणि चिप ३० म्हणते तेव्हा बॅटरीत प्रत्यक्षात काहीच उरलेलं नसतं.

दोन शक्यता वेगळ्या करायला एक सोपी चाचणी आहे. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की सगळं बंद करून फक्त नोटपॅड उघडा, उजेड कमी करा आणि तसंच चालू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच ४० वर व्हिडिओ कॉल लावा. दोन्ही वेळा ३० च्या आसपासच बंद पडला तर हिशोब चुकलाय. नोटपॅडवर १० पर्यंत आरामात उतरला आणि कॉलवर ३५ ला बंद पडला, तर सेल कमजोर आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत तीन-चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक म्हातारा झाला की हलक्या कामात निभावतो, जोराची मागणी आली की त्याचा दाब कोसळतो आणि सगळी बॅटरी स्वतःला बंद करून घेते. यावर सेटिंगचा इलाज नाही.

हिशोब चुकला असेल तर तो असा जुळवा. आधी मर्यादा काढून पूर्ण १०० करा आणि चार्जर आणखी दोन तास लावून ठेवा. मग चार्जर काढून लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत हलकं काम करा. उघड्या फाइली सेव्ह केलेल्या असू द्या. बंद झाला की दोनेक तास तसाच ठेवा, आणि मग मधे न थांबता १०० पर्यंत भरा. चिपला दोन्ही टोकं पुन्हा कळतात. एकीचा लॅपटॉप ३४ वर बंद व्हायचा, या एका फेरीनंतर शून्याजवळ जाऊन बंद व्हायला लागला. एकूण वेळ वाढला नाही बरं का, दोन तासच राहिला. पण आता किती उरलंय ते तिला आधी कळतं.

हे दर महिन्याला करू नका. आकडा चुकायला लागला तरच करा. "दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करा" हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली, तरी तो सल्ला अजून फिरतोच आहे. लिथियम सेलला पार रिकामं होणं सोसत नाही.

बॅटरी बदलायचीच असेल तर

बाहेरून खटक्याने निघणारी असेल तर तुम्हीच बदला. आत असेल आणि नुसत्या स्क्रूंनी बसवलेली असेल, तर हाताला सवय असलेल्याने करावी. आधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून घ्या. तळ उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, प्लॅस्टिकच्या पट्टीने. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डला टेकतो. मी कागदावर तळाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवते.

विकत घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवरून घेऊ नका, जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा. ११.४ व्होल्टच्या जागी १५.२ चालत नाही. उत्पादनाची तारीख बघा, कारण खोक्यात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. बसवल्यावर एकदा पूर्ण भरून त्याच दिवशी अहवाल काढा. नव्या बॅटरीची फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या फारच खाली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

इथे थांबा

फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, झाकण बसावं म्हणून जोर लावायचा नाही, आणि टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. आतला वायू ज्वलनशील असतो आणि सेलला भोक पडलं की आग लागू शकते. लॅपटॉप बंद करून फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब ठेवा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. विमानात नेऊ नका. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

याशिवाय पुढच्या प्रसंगीही मी हात लावत नाही: गोडसर, थिनरसारखा वास येत असेल, आत पाणी गेलं असेल, बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल, चार्जिंगचा पोर्ट बोर्डवरून हलत असेल, लॅपटॉप वॉरंटीत असेल. नवी बॅटरी आणि नीट चालणारा चार्जर लावूनही चार्जिंग होत नसेल तर दोष मदरबोर्डवरच्या चार्जिंग सर्किटमध्ये आहे, आणि ते काम सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं. कुणी "आतले फक्त सेल बदलून देतो" म्हणालं तर नको म्हणा. नवे-जुने सेल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कित्येक बॅटऱ्यांची संरक्षक चिप सेल सुटले की स्वतःला कायमची कुलूप लावते.

नवी बॅटरी टाकली की मी तीन गोष्टी लगेच करते. टेबलावरच्या लॅपटॉपला ८० ची मर्यादा. गादीवर, उशीवर ठेवून वापरायचा नाही, कारण तळाच्या जाळीतून हवा घ्यायची असते. आणि महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून बंद करून ठेवायचा, पूर्ण भरून नाही आणि रिकामाही नाही. मग पहिल्या दिवशीची फुल चार्ज कपॅसिटी आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या तळाला चिकटवते. पुढच्या वेळी "बॅटरी गेली" म्हणत तोच लॅपटॉप परत आला, की मी आधी तो उलटा करते.